काळ्या कातळाचं वय काढणारा साहेब

सुरत-बिलिमोरा बुलेट ट्रेनची चर्चा आता सुरतेतल्या भेस्तानच्या चहाच्या टपरीवरही रंगते. खांब किती उभे राहिले, गाडी कधी धावणार, सगळं सगळ्यांना पाठ. खांबांखालची माती आणि दगड तपासायला सुरतेत मोठी प्रयोगशाळाही उभी राहिली. दीडशे वर्षांपूर्वी याच तापी खोऱ्याचा दगड तपासत फिरणाऱ्या विल्यम ब्लॅनफर्डची भिस्त हातोड्यावर आणि पायपिटीवर होती.

ब्लॅनफर्ड लंडनचा, जन्म १८३२चा. १८५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात लागला. पुढे ॲबिसिनियाची मोहीम, इराणची सरहद्द, प्राणी-पक्ष्यांवरचे जाडजूड ग्रंथ अशी त्याची कारकीर्द. चरित्रकार तिथेच रमतात. मला मोह पडतो तो तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्यावरच्या त्याच्या १८६९च्या अहवालाचा.

दख्खनचा काळा कातळ केव्हाचा, हा तेव्हाचा वादाचा मुद्दा. मध्य प्रदेशात बाघजवळ कातळाखाली समुद्री चुनखडी आहे, क्रिटेशस काळातली. इकडे तापी-नर्मदेच्या मधल्या पट्ट्यात कातळाच्या वर दुसरी समुद्री चुनखडी, तिच्यात नाण्यासारखे चपटे न्युम्युलाइट जीवाश्म, म्हणजे इओसीन काळ. शिवाय वरच्या थरांत अकीकाचे गोटे. अकीक तयार होतो कातळाच्या पोकळ्यांत. तो गुळगुळीत गोटा होऊन वरच्या थरात बसलाय, तर मधल्या काळात कातळ झिजून वाहून गेला असला पाहिजे. झगडियाजवळच्या रतनपूरचा अकीक खंभातच्या मणीकारांकडे जातो, तोही असल्याच गोट्यांच्या थरातला. कातळ या दोन समुद्रांच्या मधला, हे यंत्राविना ठरलं. आजची यंत्रं सुमारे साडेसहा कोटी वर्षं सांगतात, तीही याच दोन टोकांच्या आत बसतात.

कौतुक करताना हात थोडा आखडावा लागतो. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण थाटलं गेलं, त्यामागे कंपनी सरकारची कोळशाची भूक होती. आणि तंबू वाहणाऱ्यांची, वाट दाखवणाऱ्यांची नावं कुठल्या ग्रंथाच्या पाठीवर येतात?

भेस्तान-पांडेसऱ्यातल्या खानदेशी माणसाला मात्र हा अहवाल घरचाच वाटावा. गावाहून येताना नंदुरबार-नवापूरचा काळा दगड मागे टाकून गाडी तापीच्या गाळावर उतरते, तो सगळा पट्टा त्यात आहे.

तापी-नर्मदेच्या त्याच मधल्या पट्ट्यात, मांगरोळ तालुक्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, कातळावरच्या थरांत, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या कँबेथेरियमची हाडं सापडली. हा घोड्या-गेंड्यांचा चुलत नातलग. सुरतेच्या शाळांनी दरवर्षी सापुतारा करण्यापेक्षा एक सहल या बाजूला काढावी.