आरशात न दिसणारा स्नायू

माझ्या तरुणपणी तालमीत जोर-बैठका आणि दूध-बदाम एवढाच खुराक असे. आज त्याच गल्लीतल्या जिममध्ये पोरं ‘सायकल’ मारतात, म्हणजे काही आठवडे सलग स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतात. हा हिशेब समजून घ्यायला मी वाचू लागलो.

१९५८ साली अमेरिकेत डायनाबॉलची गोळी आली. वेटलिफ्टरांमध्ये तिचा प्रसार करणारे डॉ. जॉन झीग्लर पुढे पस्तावले. सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त गोळ्या खेळाडू घेत होते. १९९६ साली डॉ. शलेंदर भसीन यांच्या गटाने निरोगी पुरुषांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. उपचाराला साधारण १०० पुरतं. व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले. स्टेरॉइडनं अंग भरतं, हे खरंच. पण तो प्रयोग १० आठवड्यांचा होता. जिममधल्या सायकली वर्षानुवर्षं चालतात.

बाहेरून हार्मोन आलं, की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, रक्त दाट होतं. गोळ्यांनी यकृताला इजा होते. औषध सोडल्यावर कित्येक महिने मरगळ आणि नैराश्य राहू शकतं.

आणि हृदय? तोही स्नायूच. तो जाड होतो, ताठरतो, त्याचा जोर कमी होतो. पण आरशात दिसत नाही. दंड दाखवायला येणाऱ्या पोरांना मी एवढंच विचारतो, “बाळा, हृदयाची सोनोग्राफी कधी केलीस?” अजून एकानंही उत्तर दिलेलं नाही.