पट्टा पडल्यानंतरची परीक्षा

विद्यापीठांच्या जुन्या माहितीपुस्तिका जमवण्याचा मला फार वर्षांपासून नाद आहे. रद्दीच्या दुकानात, महाविद्यालयांच्या कपाटांवर, निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यांवर त्या सापडतात. कुलगुरूंचं मनोगत आणि इमारतींचे फोटो ओलांडून मी थेट 'प्रवेशपात्रता' हे पान काढतो. बाकीची पुस्तिका सगळ्यांनाच बोलावत असते. कोणाला खरोखर आत घ्यायचं आहे, ते या एका पानावर कळतं.

दूरशिक्षणातल्या एम.ए.विषयी वाचत असताना या पानांच्या मागचा मूळ कागद हाती आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८५ मध्ये अनौपचारिक आणि दूरशिक्षणातून पहिली पदवी देण्यासाठी केलेले नियम. बारा वर्षांचं शालेय शिक्षण मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षेने पूर्ण केलं असेल त्यालाच प्रवेश, असं त्यात म्हटलं आहे. त्याला लागूनच एक सवलत आहे. आधीची शैक्षणिक नोंदच नसेल, तर विद्यापीठाची प्रवेश चाचणी उत्तीर्ण होणाऱ्याला घेता येईल. मात्र प्रवेशाच्या वर्षी १ जुलैला त्याचं वय २१ पेक्षा कमी नसावं. मी या सवलतीपाशी बराच काळ अडकून राहिलो.

पदवीचा नियम पदव्युत्तर शिक्षणाच्या लेखात कशाला, असं कोणी विचारील. बीड जिल्ह्यापुरतं उत्तर सरळ आहे. इथली एम.ए.ची वाट बी.ए.नंतर अडत नाही, ती दहावी-बारावीतच अडते.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा आणि त्यांच्या पायथ्याचा पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली गावं ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता ठरलेला असतो. टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. सहा महिन्यांची शाळा बुडाली की मूल नववी-दहावीत गळतं. मुलीचं तर लग्नच उरकलं जातं, कारण तिला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न असतो आणि लग्न झालं की कोयताही पुरा होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे.

आता ती सवलत पुन्हा वाचू. सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंत दोन लेकरांची आई झालेली असते, धाकटं अंगणवाडीत जाऊ लागतं आणि तेव्हा कुठे तिच्या मनात आपल्या शिक्षणाचा विचार येतो. दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती नक्कीच नव्हती, पण त्यांनी घातलेली वयाची अट तिला नेमकी लागू पडते. घोटाळा आहे तो 'आधीची शैक्षणिक नोंद नसेल तर' या शब्दांत. दहावी नापास झालेलीकडे नोंद आहे की नाही? अकरावीत नाव घालून फडावर गेलेलीचं काय? शाळेची पायरी कधीच न चढलेल्या माणसाला चाचणीची वाट आहे, हे स्पष्ट आहे. अर्ध्यावर सुटलेल्यांविषयी मात्र नियम अस्पष्ट आहे आणि बीडमध्ये जास्त संख्या त्यांचीच.

वर्गात न बसता पदवी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये महाविद्यालयाची हजेरी नसलेल्यांना परीक्षा खुली केली, मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं तेही परीक्षा घेण्यापुरतंच, आणि पुढे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. महाराष्ट्रातल्या किती तरी गुरुजींनी बहिःस्थ म्हणून एम.ए. केलं, वेतनश्रेणी मिळवली. त्यांच्यावर इथे थांबत नाही, कारण ते बी.ए. होते, त्यांचं अडत नव्हतं.

मराठवाड्याचं अडलं होतं ते अंतरामुळे आणि भाषेमुळे. निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया; १९१८ मध्ये सुरू झालेलं आणि उर्दू माध्यमाचं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला पुढे शिकायचं तर भाषाही बदलावी लागे आणि मुलूखही. न्यायमूर्ती पळणीटकर समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, पण ते औरंगाबादला, बीडपासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, आणि अंबाजोगाईहून त्याच्या जवळजवळ दुप्पट. बीड शहराला पहिली प्रवासी रेल्वे दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर सगळी भिस्त एसटीवर. या जिल्ह्यात दूरशिक्षणातलं 'दूर' हे असं रस्त्यावर मोजता येतं.

याच उस्मानियातून आलेल्या एका माणसाला मराठी वाचक फारसे ओळखत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. जी. राम रेड्डी. करीमनगर जिल्ह्यातल्या खेड्यातले, लोकप्रशासनाचे प्राध्यापक, पंचायत राज हा अभ्यासाचा विषय. उस्मानियाचे कुलगुरू असताना त्यांनी पारंपरिक विद्यापीठाची मर्यादा जवळून पाहिली आणि १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले. शाळेचा दाखला नसलेल्या प्रौढांना पात्रता चाचणी घेऊन पदवीला बसवायचं, हे धाडस त्या विद्यापीठाने केलं. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, त्याचेही पहिले कुलगुरू तेच. आयोगाचे नियम त्याच वर्षीचे आहेत. एका हाताने दार उघडलं गेलं आणि दुसऱ्या हाताने त्याला किती फट ठेवायची ते ठरवलं गेलं. पुढे १९९१ ते १९९५ या काळात रेड्डी अनुदान आयोगाचेच अध्यक्ष होते. ग्रामपंचायतींचा अभ्यास करणाऱ्या माणसाने दाखला नसलेल्यांना विद्यापीठात आणावं यात मला योगायोग दिसत नाही. शिकायला न मिळालेली हुशार माणसं त्याने गावोगाव पाहिलेली असणार.

महाराष्ट्रात हेच काम राम ताकवले यांनी केलं. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुराणिकांच्या सोबत त्यांनी लिहिलेलं अभिजात यामिकीचं इंग्रजी पाठ्यपुस्तक विज्ञानाच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं आहे. १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, आणि जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही ते कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. ते खरं करण्यासाठी त्यांनी मांडलेली गोष्ट म्हणजे पूर्वतयारी शिक्षणक्रम. बारावी नसलेल्याने आधी पूर्वतयारी करायची, ती उत्तीर्ण झाली की बी.ए.ला बसायचं. जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र, रविवारी संपर्कसत्र, शिकवायला संमंत्रक, घरी येणारी मराठी पुस्तकं. त्या पुस्तकांत प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टं असतात, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न असतात आणि शेवटी त्यांची उत्तरंही असतात. रात्री सगळं आवरल्यावर दिव्याखाली एकटीने बसून वाचणाऱ्या बाईसाठी ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे.

भांडण सुरू होतं ते या बी.ए.नंतर. पदवी हातात आल्यावर माणूस एम.ए.चा अर्ज भरतो, नोकरीचा अर्ज भरतो आणि खिडकीवरचा माणूस विचारतो, बारावीचं गुणपत्रक कुठं आहे?

या प्रश्नाला धार आली ती तमिळनाडूतल्या एका खटल्याने. अण्णामलै विद्यापीठाच्या मुक्त पद्धतीत पहिली पदवी नसतानाही पदव्युत्तर पदवी घेता येत होती. अशी पदवी घेतलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्राचार्यपदावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की १९८५ चे नियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक आहेत, उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं हा केंद्राचा विषय आहे आणि पाया नसलेली पदव्युत्तर पदवी मागाहून सूट देऊन वैध करता येत नाही.

निकालाचा गाभा मला मान्य आहे. इतिहासात एम.ए. करणाऱ्याने आधी इतिहासाचं किंवा निदान कसलं तरी पदवीपर्यंतचं वाचन केलेलं असावं, ही अपेक्षा गैर नाही. पण कचेऱ्यांनी त्यातून भलताच अर्थ घेतला. बी.ए. नसताना एम.ए. आणि बारावी नसताना रीतसर तीन वर्षांचं बी.ए. करून मग एम.ए., या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरीतल्या माणसाने पूर्वतयारी केली, पदवीचे सगळे विषय सोडवले, प्रत्येक परीक्षा दिली. त्याला केवळ दहा-अधिक-दोन-अधिक-तीन या आकड्यांत बसत नाही म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलं. ते पुन्हा जाहीर करावं लागलं यावरूनच खिडकीवर काय चालतं ते दिसतं.

दर्जाविषयीची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही. पदव्युत्तर पातळीवर घरी आलेलं पुस्तक हेच एकमेव पुस्तक ठरलं, तर ते शिक्षण अपुरं आहे. मराठीचं एम.ए. करणाऱ्याला 'विवेकसिंधू' प्रत्यक्ष चाळता आला पाहिजे, आणि बीडच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईलाच आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, तालुक्याच्या गावांना अनुदानित वाचनालयं आहेत. अभ्यासकेंद्र आणि तालुक्याचं वाचनालय यांची सांगड घालून एम.ए.चे संदर्भग्रंथ तिथे ठेवले, तर दर्जाची निम्मी तक्रार मिटेल. पुरवणीत उतरवलेले तेच ते स्वाध्याय तपासत बसण्यापेक्षा संमंत्रकांनाही ते आवडेल.

उरली गोष्ट वेळापत्रकाची, आणि इतक्या पुस्तिका वाचल्यावर मला तीच सगळ्यांत मोठी वाटू लागली आहे. मुक्त विद्यापीठाची वार्षिक परीक्षा मे-जूनमध्ये होत आली. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपतो. म्हणजे जुलैत प्रवेश घ्यायचा, पावसाळ्यात पुस्तकं आणि संपर्कसत्रं, हंगामात जमेल तेव्हा कोपीत वाचन, पट्टा पडल्यावर महिना-दीड महिना उजळणी आणि मग पेपर. कोणी ठरवून केलं नसेल, पण साखर कारखान्यांच्या वर्षाशी इतकं जुळणारं शैक्षणिक वर्ष दुसरं नाही. कोयता सोडून न जाताही शिकता येईल असं ते वर्ष होतं.

सत्रपद्धतीत हे मोडतं. सहा महिन्यांनी परीक्षा म्हटलं की पहिली परीक्षा डिसेंबर-जानेवारीत येते, नेमकी हंगाम भरात असताना. फडावरून बीडला यायचं म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रवास आणि जितके पेपर तितक्या दिवसांचे खाडे. उचल अंगावर असताना मुकादम ते सोसत नाही, आणि जोडीतलं एक माणूस गेलं की दुसऱ्याचाही कोयता थांबतो. आयोगाच्या २०२० च्या नियमांनी प्रवेशासाठी वर्षातून दोन वेळा दिल्या, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. शहरातल्या नोकरदाराला जानेवारी सोयीची असेल. बालाघाटातल्या घराला त्या महिन्यात दाराला कुलूप असतं.

त्यावर उपाय अवघड नाही. पदव्युत्तर शिक्षणक्रमाच्या दोन्ही सत्रांचे पेपर मे-जूनमध्ये एकत्र देण्याचा पर्याय ऊसतोड कामगारांना मिळावा. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी हंगामातलं परीक्षा केंद्र कारखान्याच्या तालुक्यात असावं. मुक्त विद्यापीठाचा पसारा राज्यभर आहे. बीडमध्ये नाव नोंदवलेल्या विद्यार्थिनीला बारामतीत किंवा कराडमध्ये पेपर देता येणं हा फक्त केंद्र बदलण्याचा अर्ज आहे. गाळप कधी सुरू होणार ते मंत्री समिती दर वर्षी हंगामाआधी जाहीर करते. परीक्षा विभागाने वेळापत्रक छापण्यापूर्वी ती तारीख पाहावी.

आणि प्रवेशपात्रतेच्या पानावर एक ओळ स्पष्ट छापावी: पूर्वतयारी करून पदवी घेतलेल्यांना एम.ए.साठी बारावीचं गुणपत्रक मागितलं जाणार नाही.