गढूळ पाण्यातला गळ

काळ्या मातीतला चिकणमातीचा एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात सोडला, तर दिवसभरात तो जेमतेम सात-आठ सेंटीमीटर खाली जातो. बारीक वाळूचा कण तेवढेच अंतर काही सेकंदांत कापतो. वर्धा जिल्ह्यातल्या नद्यांचे पावसाळ्यातले रूप समजून घ्यायला एवढा हिशेब पुरेसा आहे. पाऊस उघडतो, पूर ओसरतो, पुलावरची वाहतूक सुरू होते, तरी पवनारची धाम, हिंगणघाटची वणा आणि पुलगावची वर्धा पुढे कितीतरी दिवस दुधाच्या चहासारखी वाहत राहते. अशा पाण्यात गळ टाकून काय लागणार, असे काठावरून पाहणाऱ्याला वाटते. ढिवर आणि भोई मंडळी मात्र नेमकी तेव्हाच काठाने फिरताना दिसतात.

याच प्रश्नावर युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी भरपूर लिहून ठेवले आहे. त्यांचा मासा ट्राउट आणि आमिष म्हणजे गळावर पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. हा सगळा खेळ नितळ पाण्याचा, कारण ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. इंग्रजांनी हा मासा आपल्याकडे काश्मीर, कुलू आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. पाण्याचे तापमान पंचविशीच्या पुढे गेले की त्याचा जीव कासावीस होतो, तेव्हा मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात नेणाऱ्या वर्ध्यात तो तगण्याची आशा कोणी करू नये. पण अतिवृष्टीनंतरच्या पाण्याबद्दल ही मंडळी जे सांगतात ते कामाचे आहे. मधली धार सोडा आणि काठालगत टाका. आमिष मोठे घ्या आणि काळे घ्या, कारण गढूळ पाण्यात वरच्या उजेडासमोर काळी आकृती सगळ्यात ठळक उठते. आमिष सावकाश हलवा, माशाला ते सापडायला वेळ द्या.

आपले मासे या बाबतीत ट्राउटपेक्षा सरस आहेत. रोहू, कतला, मृगळ हे कार्प कुळातले मासे आणि शिंगाळा, शिवडा हे मिशाळ मासे यांच्या शरीरात हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी इवल्या हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीत घुमतो आणि या हाडांवाटे थेट कानापर्यंत पोचतो. ट्राउटला ही सोय नाही. शिंगाळ्याच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणजे तो तळ चाचपतानाच चाखत जातो. वाम दिसायला सापासारखी, पण आहे मासाच. नळीसारख्या नाकपुड्यांनी वास घेत ती रात्री बाहेर पडते, तिला उजेडाची गरजच कमी. शिवाय जवळपास प्रत्येक माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची थरथर टिपणारी रेघ असते. गढूळ पाण्यातल्या या सरसपणाला अपवाद मरळेचा. ती बेडकावर झडप घालते ती बरीचशी नजरेच्या भरवशावर, म्हणून फार गढूळ पाण्यात तिच्या मागे लागणे म्हणजे वेळेचा अपव्यय. ती हवेतला प्राणवायू घेते, त्यामुळे चिखलपाण्यात तगते. पण तगणे वेगळे आणि आमिषावर येणे वेगळे.

मग गळ टाकायचा कुठे? पुराच्या धारेत जागेवर टिकून राहायला माशाला सतत पोहावे लागते आणि तेवढी ताकद खर्च करणे त्याला परवडत नाही. म्हणून तो सरकतो जिथे पाणी मंदावते तिथे: वळणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या खांबामागे, बुडालेल्या बाभळीच्या आडोशाला, खडकाच्या पाठीमागच्या भोवऱ्याच्या कडेला. पवनारला धामेचे पात्र खडकाळ आहे, तिथे अशा जागा पावलापावलावर आहेत. एरवी गुडघाभरसुद्धा पाणी नसलेला, गवताने माजलेला काठ पुरात बुडतो आणि तिथली गांडुळे, किडे, नाकतोडे पाण्यात येतात. मासा त्यांच्यामागे इतका काठाशी येतो की लांब फेकणारा त्याच्या डोक्यावरून तंगूस नेतो. हौशी माणसाची सर्वांत मोठी चूक हीच. दुसरी नामी जागा म्हणजे नाल्याचे तोंड. लहान नाला नदीच्या आधी उतरतो आणि आधी निवळतो. त्याचे बरे पाणी मोठ्या गढूळ पाण्यात मिसळते तिथे दोन रंगांची शिवण दिसते. मासा त्या शिवणीवर असतो.

पाणी किती गढूळ आहे हे मोजायची सोपी युक्ती 1865 मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने रूढ केली: पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचे. घरातली पांढरी ताटली आणि सुतळी यांवर भागते. ताटली वीतभर खोलीवरच गडप झाली तर प्लॅस्टिकचे बेडूक आणि चमचमणारे पत्रे पिशवीतच ठेवावेत. तेव्हा काम वासाचे: गांडुळांचा जुडगा, झिंगा, कणकेची गोळी. सरकीची ढेप तर कापसाच्या या मुलखात घरोघरी. कार्प माशांना गोळा करायला ती मूठभर टाकली तरी पुरे. शिसे नेहमीपेक्षा जड लावावे, म्हणजे आमिष तळाशी एका जागी राहील. ताटली हातभर खोलीपर्यंत दिसू लागली की मग मरळेचा विचार करायचा.

इथपर्यंत कसब झाले. आता जरा अप्रिय बोलतो. गळाला सर्वांत चांगले दिवस ते माशाच्या विणीचेही दिवस. रोहू, कतला, मृगळ साठलेल्या तळ्यात वीत नाहीत. त्यांना चढते, वाहते पाणी लागते. म्हणून तर 10 जुलै 1957 रोजी कटकला हिरालाल चौधरींनी पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हा देशातली मत्स्यशेती बदलून गेली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. नदीतल्या माशाला मात्र आजही पूरच हवा. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध निघतात आणि धरणाच्या भिंतीशी थबकतात. सिंभोऱ्याजवळचे ऊर्ध्व वर्धा, आर्वी तालुक्यात धनोडीजवळचे निम्न वर्धा अशी धरणे झाल्यावर नदीचा पूर पावसाइतकाच दरवाजांच्या हाती गेला. भिंतीखाली कोंडलेला, अंड्यांनी भरलेला मासा धरण्यात कसब कसले? तिथे जाळे फेकणाऱ्या गर्दीला मी मासेमार म्हणणार नाही. त्यात जीवाचाही धोका आहे, कारण एकट्या निम्न वर्ध्याला 31 दरवाजे आहेत आणि भोंगा वाजल्यावर सामान गोळा करत बसण्याइतका वेळ मिळेलच असे नाही.

ही नदी चुकीला माफ करत नाही. 30 जुलै 1991 च्या पहाटे तिच्याच पुराने नागपूर जिल्ह्यातले मोवाड उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे गेली. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यातल्या झुंजला नाव उलटून 11 जण बुडाले. गढूळ पाण्यात पायाखालचा खड्डा दिसत नाही, म्हणून घोट्यापेक्षा वर पाणी आले की मागे फिरावे, आणि पाणी चढत असेल तर काठही सोडावा.

पहिल्या पावसाबरोबर शेतातली कीटकनाशकेही नाल्यात उतरतात. काही महाभाग तर तेच औषध मुद्दाम डोहात ओततात. विष किंवा सुरुंग लावून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे, पण डोहावर पहारा द्यायला कोण बसणार?

तेव्हा हौशी मंडळींना विनंती एवढीच: जून-जुलैचे चढते पाणी माशांना सोडा. ज्या ढिवरांची चूल नदीवर चालते त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार शहरातून गाडीने येणाऱ्यांना नाही. आपण मात्र सप्टेंबरच्या उतरत्या पुराची वाट पाहू शकतो. तेव्हाही पाणी गढूळच असते आणि काठावरच्या जागाही त्याच असतात. आणि पाण्याच्या पृष्ठावर तांबूस पिल्लांचा पुंजका वरखाली होताना दिसला, तर खाली मरळेची जोडी राखणीला आहे असे समजा आणि गळ दुसरीकडे न्या. ती जोडी उचलली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.