थिन क्लायंट बंद पडला, आधी काय बघाल?

शिक्षक मित्रांनो, थिन क्लायंटच्या डबीत हार्डडिस्क नसते. मुलांचं काम सर्व्हरवर चालतं. डबी फक्त चित्र दाखवते आणि कीबोर्ड-माऊसचं म्हणणं पोचवते. म्हणून आधी शेजारचा स्क्रीन बघा. एकच बंद असेल तर अडॅप्टर, केबल, स्विचवरचा दिवा तपासा. सगळेच बंद? मग सर्व्हर किंवा स्विच; डब्या उघडत बसू नका. दोन डब्यांना चुकून एकच आयपी पत्ता दिला असेल, तर दोन्ही अधूनमधून तुटतात.

परळीत औष्णिक वीज केंद्र आहे, तरी शाळेतली लाईट जातेच! यूपीएस सर्व्हरला लावाच, स्विचलाही लावा. डबी बंद पडली तर बहुतेक वेळा पुन्हा लॉगिन केल्यावर अर्धवट काम तसंच सापडतं. सर्व्हर बंद पडला, तर सेव्ह न केलेलं अख्ख्या वर्गाचं काम जातं.