जुन्या संगणक-प्रणाली आणि मराठी मजकुराचे वाचन

लेख टिकून राहणे आणि तो वाचता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. निजामी अमदानीत सरकारी दफ्तराची भाषा उर्दू होती. मराठी लिहावयाचे ते पुष्कळदा मोडीत लिहिले जाई. त्या काळचे कागद ज्या घरांत आजही शाबूत आहेत, तेथे ते वाचण्यासाठी उर्दू किंवा मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. संगणकावर लिहिलेल्या मराठी मजकुराची अवस्था मात्र अवघ्या तीस-चाळीस वर्षांतच तशी होऊ लागली आहे. १९८५ ते २००५ ह्या सुमारास टंकित झालेले प्रबंध, बोलींचे शब्दसंग्रह व लोकगीतांची संकलने फ्लॉपींवर वा जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. ती आजच्या संगणकावर उघडली, तर बहुधा रोमन अक्षरांची निरर्थक रांग तेवढी दिसते. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

संगणकातील मजकूर वाचला जाण्यासाठी एक साखळी पुरी व्हावी लागते. प्रोसेसर, त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावरील लेखन-सॉफ्टवेअर आणि त्याचा फॉण्ट असे ह्या साखळीचे चार दुवे आहेत. ह्यांतील एक दुवा निखळला, तरी मजकूर मुका होतो. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम नव्या यंत्रावर चालत नाही, त्याची कारणे गूढ नाहीत. ती जेव्हा रचली गेली, तेव्हाच्या यंत्राविषयी काही गोष्टी तिने गृहीत धरलेल्या असतात. विंडोज ९५ चे उदाहरण बोलके आहे. यंत्राचा वेग मोजण्यासाठी तिच्या एका भागात ठराविक फेऱ्यांची गणना होती. एएमडी कंपनीच्या ३५० मेगाहर्ट्झ व त्याहून वेगवान के-६-२ प्रोसेसरांवर ती गणना इतक्या लवकर संपे की, लागलेला वेळ शून्य भरे. शून्याने भागावयाची पाळी येऊन संगणक सुरू होतानाच अडखळे. यंत्र बिघडलेले नव्हते. ते अपेक्षेपेक्षा चपळ होते, एवढाच त्याचा दोष. विंडोज एक्सपीच्या मूळ तबकडीस हार्ड डिस्कशी संवाद साधण्याची नंतर रूढ झालेली पद्धत ठाऊक नाही. डॉसच्या काळातील सोळा-बिटी सॉफ्टवेअर चौसष्ट-बिटी विंडोजवर मुळीच चालत नाही.

ह्यावरचा मार्ग म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचा आभास निर्माण करणे. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा जुन्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावली तीवर चालाव्यात, अशी सोय मुद्दाम ठेविली होती. आज ह्या उपायाचे दोन प्रकार प्रचारात आहेत. जुन्या व नव्या प्रोसेसरची भाषा एकच असेल, तर जुन्या प्रणालीच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसर स्वतःच पाळतो. केवळ डिस्क, पडदा, कळफलक ही उपकरणे कल्पित असतात. ह्यास आभासी यंत्र म्हणतात. दोन्ही भाषा भिन्न असतील, तर प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. त्याला दुभाष्या म्हणावयास हरकत नाही. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेले क्यूईएमयू ही दोन्ही कामे करू शकते. डॉसबॉक्स हे केवळ डॉसच्या आज्ञावलींसाठी असून ते डॉस व जुने यंत्र ह्या दोहोंचेही सोंग घेते.

परंतु मराठीच्या बाबतीत प्रश्न येथेच संपत नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आतल्या खाचेत बसवावयाचे उपकरण होते. डॉसवरील सामान्य सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या उमटविण्याचे काम ते करी. एम्युलेटर प्रोसेसरचे सोंग घेईल, पण जे कार्ड त्यास ठाऊकच नाही त्याचे सोंग कसे घेणार? तीच गत कुलूप-किल्लीची. काही मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या जोडणीत विशिष्ट किल्ली बसविल्याखेरीज चालत नसत. आभासी यंत्रात ती किल्ली आपोआप अवतरत नाही. म्हणून जेथे असे जुने संगणक अद्याप चालू स्थितीत आहेत, तेथे ते भंगारात देण्यापूर्वी त्यांवरील मजकूर बाहेर काढणे हेच शहाणपणाचे होय.

मजकूर बाहेर काढला, तरी तो कोणत्या संकेतात आहे हे पाहावे लागते. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इस्की संकेतात, तसेच युनिकोडमध्ये, अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. जुन्या फॉण्टांत मात्र ती बहुधा दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असतात. ‘शिक्षण’ शब्दात युनिकोड आधी ‘श’ व मग वेलांटी ठेवतो. जुना फॉण्ट आधी वेलांटी ठेवतो. ‘मार्ग’ शब्दात युनिकोडमध्ये रेफाचा ‘र’ ‘ग’ च्या आधी येतो. जुन्या फॉण्टात रेफ ‘ग’ च्या नंतर येतो. म्हणजे एक संकेत भाषेची रचना नोंदवितो आणि दुसरा केवळ चित्र. त्यामुळे परिवर्तक सॉफ्टवेअरला प्रत्येक फॉण्टचा निराळा तक्ता लागतो, आणि तो तक्ता अपुरा असेल तर मराठीतील नाजूक भेद पुसले जातात. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. हा भेद अर्थभेदक आहे. परिवर्तनात सर्वत्र रेफ आला, तर बोलीच्या अभ्यासकास खोटी सामग्री हाती येईल, आणि ती खोटी आहे हे त्यास कळणारही नाही.

ह्यास्तव कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि मूळ डिस्कला पुन्हा हात लावू नये. नंतर आभासी यंत्रात त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी. त्यास स्मृती बेताची द्यावी, डिस्कची जुनी पद्धत निवडावी आणि इंटरनेटची जोडणी तोडावी, कारण विंडोज एक्सपीची सुरक्षाविषयक देखभालही २०१४ मध्ये थांबली आहे. मूळ सॉफ्टवेअर व फॉण्ट यांसह मजकूर उघडून त्याची छापील प्रत काढावी. त्यानंतरच युनिकोडमध्ये परिवर्तन करून ते त्या प्रतीशी शब्दशः ताडून पाहावे. रेफ, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांवर विशेष नजर असावी.

आभासी यंत्र हा ह्या कामातील पूल आहे, मुक्काम नव्हे. तेही एक सॉफ्टवेअरच असून उद्या तेही जुने होणार. मजकूर सर्वमान्य संकेतात आणून सोडणे हेच खरे जतन होय. मोडीचे जाणकार विरळ झाल्यावर मोडी दफ्तरांची किंमत समजली. संगणकीय मराठीच्या पहिल्या दोन दशकांचे जाणकार अद्याप हयात आहेत, त्यांची काही यंत्रेही चालू आहेत. हे काम त्यांच्या हयातीतच व्हावयास हवे.