‘भिवंडी’ची ‘बिवंडी’ का होते?

शाळेच्या संगणक कक्षात देवनागरी टंकलेखनाचा एक तक्ता लावायचा आहे आणि सरावाचा पहिला शब्द गावाच्याच नावाचा घ्यायचा आहे, असे समजू. शिक्षकाने तक्त्यावर लिहिले : शिफ्ट, वाय, एफ, बी, एक्स... मुलाने सांगितल्याबरहुकूम एकेक कळ दाबली व सोडली. पडद्यावर ‘भिवंडी’ऐवजी ‘बिवंडी’ उमटली. चूक मुलाची नव्हे, तक्त्यातल्या पहिल्या स्वल्पविरामाची आहे.

असे का होते ते पाहू. इन्स्क्रिप्ट हा कळफलकाचा आराखडा भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात दिला आहे. त्यात अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण एकाच कळेवर बसवले आहेत. वाय नुसती दाबली की ब, शिफ्ट धरून दाबली की भ. के वर क-ख, आय वर ग-घ. व्याकरणाच्या तासाला वर्णमालेचा हा भाग शिकवताना कळफलक जरूर दाखवावा.

शिफ्ट ‘धरून’च का ठेवायची? १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ या टंकलेखन यंत्रात एका दांडीवर दोन अक्षरे असत. शिफ्ट दाबली की कागदाचा गाडा सरके आणि दुसरे अक्षर उमटे; सोडली की गाडा जागेवर. गाडा गेला, नाव राहिले.

तेव्हा एकत्र दाबायच्या कळा आणि एकामागून एक दाबायच्या कळा यांना वेगळी चिन्हे हवीत. मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिका एकत्र कळांसाठी अधिक चिन्ह वापरतात, अ‍ॅपलच्या पुस्तिका छोटी आडवी रेघ. दोन्ही चालतील, पण एकाच तक्त्यात दोन्ही नकोत. मुलाला त्या दोन निराळ्या क्रिया वाटतात. अधिक चिन्ह घेतले तर ती कळ दाबायची नाही, हेही वर एकदा लिहावे. कोणी ना कोणी ती दाबतोच!

आता आपला शब्द असा होईल : शिफ्ट+वाय, एफ, बी, एक्स, डावा चौकटी कंस, आर.

यातही दोन खाचखळगे आहेत. कळेवर इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीत छापलेले असते. तक्त्यातही तसेच लिहिले की काही मुले मोठे अक्षर हवे म्हणून शिफ्ट धरतात. मग वेलांटीऐवजी इ येते आणि ‘भइवंडी’ होते. दुसरे, जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेले शिक्षक पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारतात. इन्स्क्रिप्टमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर येते.

राहिला ड. त्याची कळ पी च्या लगेच उजवीकडे आहे. तिला एका ओळीत ‘डावा चौकटी कंस’, दुसरीत ‘पी शेजारची कळ’ आणि तिसरीत ‘ड ची कळ’ म्हटले, तर नवशिका तीन कळा शोधत बसतो. पहिल्यांदा जागा सांगून पुढे एकच नाव ठेवावे. तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वी टंकलेखन न येणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा आणि आपण गप्प उभे राहून पाहावे.