हात कोणाचा?

लेखमाला : बालवाडीची वाट – भाग सातवा

गेल्या भागात आपण गोष्टी आणि बडबडगीतांबद्दल बोललो. आज वर्गाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, चटईवर जाऊन बसू.

अंधेरी-बोरिवली घ्या नाहीतर घाटकोपर-मुलुंड, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या बहुतेक नर्सऱ्यांच्या दारावर 'कृतीतून शिक्षण' अशा अर्थाची पाटी हमखास असते. आत भिंतीवर कापसाचा ससा, कागदी छत्री, घोटीव कागदाचं फुलपाखरू. पंचवीस मुलांचे पंचवीस ससे, आणि पंचवीसही अगदी सारखे. तीन वर्षांच्या पंचवीस मुलांकडून एकसारखे ससे होत नसतात. कान टीचरनी कापलेले असतात, डोळे मावशींनी चिकटवलेले असतात, मुलाने फक्त कापसावर बोट दाबलेलं असतं. घरी न्यायच्या 'प्रोजेक्ट'ची तर आणखी मजा. तो रात्री अकरा वाजता आई-बाबा करतात आणि सकाळी मूल तो हातात धरून फोटो काढून घेतं.

म्हणून कोणतीही कृती पाहताना पहिला प्रश्न एकच विचारावा : यात हात कोणाचा होता?

आता खरी कृती कशी असते ते पाहू. एका ताटलीत दोन वाट्या, एक चमचा. डावीकडच्या वाटीत चिंचोके, उजवीकडची रिकामी. ताई शेजारी बसतात आणि एक शब्दही न बोलता चार-पाच चिंचोके सावकाश चमच्याने या वाटीतून त्या वाटीत घालून दाखवतात. मग ताटली साडेतीन वर्षांच्या मुलीपुढे सरकवतात आणि आपले हात मांडीवर ठेवतात. मुलगी आधी चमचा मुठीत धरते. चिंचोका चमच्यात येतो, पण वाटेतच घरंगळतो आणि ताटलीत टण्णकन वाजतो. ती दचकते, ताईंकडे बघते. ताई काही म्हणत नाहीत. ती चिंचोका बोटांनी उचलून वाटीत टाकते आणि पुढच्या खेपेला चमचा जरा आडवा धरते. वाटी रिकामी झाली की ती ताटली जागेवर ठेवायला उठेल असं आपल्याला वाटतं. ती उठत नाही. उजवीकडचे चिंचोके परत डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे.

मोठ्या माणसाला हा उद्योग निरर्थक वाटतो, कारण आपलं लक्ष चिंचोके कुठे पोहोचले यावर असतं. तिचं लक्ष हाताकडे असतं. सांडलेला चिंचोका दिसतो, ऐकू येतो. चूक झाली हे सांगायला कोणी लागत नाही. चांगल्या कृतीची ही मोठी खूण आहे. बरोबर की चूक हे दर वेळी ताईंनाच सांगावं लागत असेल, तर मूल वस्तूकडे न बघता ताईंच्या चेहऱ्याकडे बघायला शिकतं.

दुसरं कारण शरीराचं. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एकेक करून पक्की होत जातात. तिसऱ्या वर्षी निम्मीही झालेली नसतात आणि शेवटचं हाड तर साधारण नवव्या ते बाराव्या वर्षात धरतं. अशा मनगटाला चौरेघी वहीत 'अ' गिरवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा ताठ करतं आणि दोन ओळींत कंटाळतं. चमचा, कपड्यांचा चिमटा, बटण, कणकेचा गोळा, ओला स्पंज या गोष्टी तीच बोटं आणि तेच मनगट तयार करतात. 'तुमच्याकडे लिहायला कधी घेतात?' असं विचारणाऱ्या पालकांना याचं उत्तर असं, की लिहायची तयारी सुरू झालीय, फक्त पेन्सिल अजून आलेली नाही.

पाणी ओतण्याच्या कृतीत आणखी एक धडा लपलेला असतो. पसरट वाटीतलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की चार वर्षांचं मूल 'पाणी वाढलं' म्हणतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या या विचारपद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला दिसणारी उंचीच खरी वाटते. पाणी तेवढंच आहे, हे समजावून सांगून पटत नाही. पाणी परत वाटीत ओतून, पुन्हा पेल्यात ओतून, असं शेकडो वेळा स्वतः केल्यावर कधीतरी पटतं. पुढे लिटर-मिलिलिटरची गणितं याच अनुभवावर उभी राहतात.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा हीच सूत्रं साधनांत बांधली. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन ठोकळे, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. क्रम चुकला की मनोरा स्वतःच सांगतो. पण ही लाकडी साधनं तेव्हाही महाग होती आणि आजही आहेत. आपल्याकडे तो प्रश्न सोडवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाईंबरोबर काम करून ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघींनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. साधनंही तिथलीच : शंख-शिंपले, बिया, शेंगा, पानं, खडे, माती. बोरिवलीहून आज थेट डहाणूची लोकल मिळते. पण उपनगरातल्या बऱ्याच नर्सऱ्यांनी कोसबाडकडे पाठ फिरवून प्लास्टिकच्या आयत्या संचांकडे धाव घेतली आहे.

आता थोडं व्यवहाराचं. चिंचोकेच का, राजमा का नाही? एक तर आपल्या घरांत 'अन्नाशी खेळायचं नाही' असा दंडक असतो आणि तो मोडायची गरज नाही. दुसरं म्हणजे जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत कडधान्याला बुरशी धरते, पोरकिडे होतात. चिंचोके धुवून, उन्हात वाळवून वर्षभर चालतात. मात्र लालभडक, काळ्या टोकाची गुंज कितीही मोहक दिसली तरी वर्गात आणायची नाही, ती विषारी असते. अजून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांना चिंचोकेही नकोत. त्यांना नारळाच्या करवंट्या, मोठे लाकडी ठोकळे, कापडी चेंडू द्यावेत. लहान मुलं बी नाकात किंवा कानात घालतात, म्हणून ताटलीत चिंचोके मोजून ठेवायचे आणि काम संपलं की मोजून परत घ्यायचे. ते मोजायचं काम चार-पाच वर्षांच्या मुलांनाच द्यावं. त्यात गणितही होतं.

'आमची खोली दहा बाय बाराची आणि मुलं पंचवीस, हे सगळं कसं जमायचं?' ही अडचण खरी आहे. पंचवीस सारख्या ताटल्या लागत नाहीत. आठ-दहा वेगवेगळ्या कृती खालच्या फळीवर, मुलाच्या हाताला येतील अशा मांडाव्यात : एकीत बटणांची पट्टी, एकीत आंबा, जास्वंद आणि देशी बदामाची पानं जुळवायला, एकीत ओतायचं पाणी आणि पुसायचं फडकं. काही मुलं इथे, काही ताईंबरोबर गोष्टीला, काही ठोकळ्यांशी. ज्याला ताटली हवी त्याने ती उचलायची, आपल्या आसनावर बसायचं, झाल्यावर होती तिथे ठेवायची. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. पाणी सांडलं तर ओरडा नाही, फडकं आहे. पहिले पंधरा दिवस गोंधळ होतो, मग वर्ग आपला आपण चालू लागतो.

ताईंचं खरं काम इथे सुरू होतं. कोण रोज एकाच ताटलीपाशी जातं, कोणाला चिमटा अजून दाबता येत नाही, कोण नुसतंच बघत उभं असतं, हे टिपायचं आणि त्याप्रमाणे पुढची ताटली मांडायची. ज्याला चमचा सहज जमतो त्याला चिमटा द्यायचा, ज्याला जमत नाही त्याला खोलगट पळी. वर्गात ताईंचा आवाज कमी आणि वही जास्त भरलेली, असं दिसलं की समजावं काम नीट चाललंय.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टी असलेला 'जादुई पिटारा' आला. धोरण बरोबर दिशेने आहे. पण पिटारा कपाटात कुलूपबंद राहिला, 'मुलं मोडतील' म्हणून, तर त्याचा आणि कापसाच्या सशाचा हिशेब एकच.

प्रवेशासाठी शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीकडे कमी बघा, फळ्यांकडे जास्त. साधनं मुलांच्या उंचीवर आहेत का? त्यांचे कोपरे झिजलेत का, की नवेकोरे चकचकीत आहेत? मुलांनी केलेल्या वस्तू वेगवेगळ्या, वाकड्यातिकड्या दिसतात का? आणि घरी, मटार सोलताना मुलाला शेजारी बसवा, पोळीचा एक गोळा त्याला द्या, वाळलेले मोजे जोडीने लावायला सांगा. वेळ लागेल, सांडेल; घाईच्या सकाळी हे जमणार नाही, रविवारी जमेल. फक्त त्याचं होत आलेलं काम 'आण इकडे' म्हणून आपण पुरं करू नका.

पुढच्या भागात : पेन्सिल नेमकी कधी द्यायची, आणि ती दिल्यावर वहीआधी काय द्यायचं.